फॅजिन, इंटेल आणि झायलॉग
फेअरचाइल्ड कंपनीत 1968 साली फेदेरिको फॅजिन यांनी सिलिकॉन गेट तंत्र, म्हणजे ट्रान्झिस्टरचे नियंत्रक टोक धातूऐवजी सिलिकॉनचे घडवण्याची पद्धत, प्रत्यक्षात आणले. परंतु कंपनीने ते वापरण्यास दिरंगाई केल्याने 1970 मध्ये फॅजिन इंटेलमध्ये गेले. तेथे 1971 साली सुमारे 2300 ट्रान्झिस्टरांचा 4004 हा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा गणन करणारा भाग एकाच चिपवर सामावणारा घटक, सिद्ध झाला आणि चित्रकाराने सही करावी तशी फॅजिन यांनी त्याच्या कडेला आपली आद्याक्षरे कोरली.

इंटेलचा मुख्य व्यवसाय मात्र स्मृतिचिपांचा होता, आणि ज्या कामात रचनाकाराचा जीव गुंतला आहे तेच कंपनीने दुय्यम मानले, तर केवळ वेतनाच्या बळावर तो टिकत नाही, हे येथे स्पष्ट दिसते. इंटेलचा 8080 हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला त्याच वर्षी, 1974 मध्ये, फॅजिन यांनी रॅल्फ उंगरमन यांच्यासह झायलॉग स्थापन केली. पाठोपाठ त्यांचे सहकारी मासातोशी शिमाही तेथे आले. झायलॉगचा 1976 चा मायक्रोप्रोसेसर झेड80 हा 8080 साठीच्या आज्ञावली चालवत असल्याने इंटेलचाच प्रतिस्पर्धी ठरला. झायलॉगमागे एक्झॉन या बलाढ्य तेलकंपनीचे भांडवल होते, तरी फॅजिन 1980 मध्ये तेथूनही बाहेर पडले. मूळ झेड80 साठी मागणी स्वीकारणे झायलॉगने 2024 साली थांबवले.