यंत्राने वाचलेले 'बहिष्कृत भारत'

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढच्या पंधरवड्यातच, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. १५ नोव्हेंबर १९२९ ला हे पत्र थांबले. या अडीच वर्षांत त्यात पाण्याविषयी किती नि काय लिहिले गेले, असे एका विद्यार्थ्याने विचारले. आम्ही वरवट बकालकडची, खारपाणपट्ट्यातली माणसे; हा प्रश्न इकडे सहज निघतो. उत्तर मजजवळ नव्हते.

असले संशोधन म्हणजे पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत बसणाऱ्यांची मिरास, ही समजूत आपणही मुकाट्याने मान्य करीत आलो. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नव्हती. साधन दुसऱ्याच्या हाती असले की काय होते, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

शासनाने १९९० मध्ये या दोन्ही पत्रांचे अंक ग्रंथरूपाने काढले. त्याची पाने छायांकित करून आम्ही संगणकाला दिली. हे काम एका यंत्राचे नव्हे. एक अवजार पान साफ करते, दुसरे अक्षरे ओळखते, तिसरे शब्द मोजते, चौथे शब्दाच्या मागचापुढचा मजकूर दाखवते. एक बिघडले तर तेवढेच काढून दुसरे बसवावे. अक्षरे ओळखणारे 'टेसरॅक्ट' एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडले, २००५ मध्ये सर्वांना खुले झाले. ते मराठीही वाचते आणि फुकट मिळते. माझ्या वडिलांच्या लेखी यंत्र म्हणजे सरकी काढणारे जिन, आणि ते नेहमी शेटजीचे!

पण फुकट मिळाले म्हणून ते आपले झाले काय? 'भ' आणि 'म' यांच्यातला मोठा फरक म्हणजे शिरोरेषेतली फट. ती शाईने बुजली की 'भीमराव'चा 'मीमराव' होतो. अशा चुकांसाठी शब्दकोशाची जोड दिली, तर नवेच संकट. कोशाला जो शब्द ठाऊक नाही, तो अशुद्ध ठरला. बोलीतले धडधाकट शब्द पुस्तकी होऊन बाहेर पडू लागले. या पायरीला 'शुद्धीकरण' म्हणतात. आपल्या स्पर्शानंतर चवदार तळ्यात पंचगव्य ओतणाऱ्यांचाही शब्द हाच होता. आम्ही तो टाकला, 'दुरुस्ती' म्हणतो. कोशाचे अवजार काढून ठेवले आणि दुरुस्त मजकुराशेजारी यंत्राने वाचलेला मजकूर व मूळ पानाचे चित्र, दोन्ही जपले.

मग मोजणी. 'पाणी' शोधले, तर फारच थोडे सापडले. क्षणभर वाटले, बाबासाहेबांच्या पत्रात पाण्यावर एवढेच? मग ध्यानात आले की यंत्राला विभक्ती कळत नाही. पाण्यास, पाण्याचा, पाण्यावर ही त्याच्या लेखी वेगवेगळी कुळे. शिवाय तळे, विहीर, पाणवठा आहेतच. ज्यांना मराठी येत नाही त्यांनी घडवलेल्या अवजाराचा आकडा तसाच उचलून कोणी उद्या निबंध लिहील, तर चळवळीचा मुख्य प्रश्नच दुय्यम ठरवून मोकळा होईल. आम्ही रूपांची यादी हाताने केली. ती अजून वाढते आहे.

सध्या १९२७ चे अंक चालू आहेत. एक पोरगा ग्रंथातून मोठ्याने वाचतो, दुसरी पडद्यावर तपासते. पाण्यापाशी आले की दोघे थांबतात. कोणते गाव, कोणाची विहीर, हे वहीत टिपून घेतात.