निवडणूक देणगी (खानदेश)

निवडणूक प्रचारासाठी नागरिकाने किंवा कंपनीने राजकीय पक्षाला वा उमेदवाराला स्वेच्छेने दिलेला पैसा. जळगाव व धुळे जिल्ह्यांत अशा मदतीला जुनी परंपरा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि असंख्य कार्यकर्ते त्यासाठी राबले. पुढच्याच वर्षाच्या आरंभी झालेल्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबई प्रांतात १७५ पैकी ८६ जागा जिंकल्या. गावकऱ्यांनी दिलेले श्रम ही त्या काळी पैशाइतकीच मोलाची देणगी होती.

मतदारसंघाची निवड. जिल्ह्याची हद्द आणि लोकसभा मतदारसंघाची हद्द येथे जुळत नाही. शिरपूर व साक्री धुळे जिल्ह्यात असूनही नंदुरबार मतदारसंघात मोडतात. उलट धुळे मतदारसंघात नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण येतात. रावेरला बुलढाण्याचे मलकापूर जोडलेले आहे. देणगीला मात्र अशी हद्द नाही. सुरतेत स्थायिक झालेला, तिथल्याच यादीत नाव असलेला खानदेशी माणूस जळगावच्या उमेदवाराला मदत करू शकतो. भारतीय नागरिकत्व टिकवून परदेशात राहणाऱ्यालाही ते करता येते. परदेशी नागरिकाला व परदेशी संस्थेला नाही.

थोड्या पैशाचा उपयोग अटीतटीच्या लढतीत अधिक होतो, हे तर्काने खरे. पण अशी लढत आधी ओळखणे अवघड असते. धुळ्यात २०१९ साली भाजपचे सुभाष भामरे सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. तो आकडा पाहून कोणी विरोधकांना मदत करण्यात अर्थ नाही असे ठरवले असते, तर ते चुकले असते. २० मे २०२४ च्या मतदानात तेच भामरे काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांच्याकडून ३,८३१ मतांनी हरले. त्याच निवडणुकीत जळगावात भाजपच्या स्मिता वाघ अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने विजयी झाल्या. तेव्हा मागच्या मताधिक्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा उमेदवाराचे काम आणि त्याचे शपथपत्र पाहणे शहाणपणाचे. मालमत्ता, कर्जे, शिक्षण व प्रलंबित फौजदारी खटले यांची माहिती अर्जासोबतच्या शपथपत्रात द्यावी लागते आणि ते कोणालाही वाचता येते.

उमेदवार की पक्ष. २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख, तर विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. पक्षाच्या खर्चाला अशी मर्यादा नाही. विधानसभेच्या उमेदवाराला दिलेले दोन हजार रुपये त्याच्या कमाल खर्चाचा दोन हजारावा भाग असतात. तेच पक्षाच्या मध्यवर्ती निधीत टाकले तर ते आपल्या तालुक्यात खर्च होतील याची खात्री नसते. म्हणून स्थानिक प्रश्नासाठी पैसा द्यायचा असेल, तर उमेदवाराचे निवडणूक खाते हीच योग्य जागा. अर्ज भरण्यापूर्वी हे स्वतंत्र बँक खाते उघडणे त्याला बंधनकारक आहे.

आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०जीजीसीखालील वजावट मात्र नोंदणीकृत पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला दिलेल्या रकमेवरच मिळे, तीही रोख नसेल आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तर. ही सवलत ध्यानात घेऊन पक्ष निवडू नये. कागदोपत्री देणगी दाखवून, कमिशन कापून पैसे परत करणारे नाममात्र पक्ष आयकर विभागाच्या कारवाईत सापडले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने सहा वर्षे एकही निवडणूक न लढवलेले ३३४ पक्ष नोंदणीतून वगळले. असा व्यवहार करणारा देणगीदार लोकशाहीला मदत करत नाही, तो कर चुकवतो.

पारदर्शकता. २०१८ साली सुरू झालेली निवडणूक रोखे योजना देणाऱ्याचे नाव मतदारांपासून लपवत होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून अधिक देणाऱ्यांची नावे पक्षांना आयोगाकडे कळवावी लागतात. त्याखालच्या रकमांचा दाता जाहीर होत नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

उमेदवाराने निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. निवडणूक संचालन नियम, १९६१ नुसार एक रुपया शुल्क भरून कोणीही तो पाहू शकतो. जळगावात किंवा धुळ्यात हा अधिकार फारच थोडे लोक वापरत असतील. वास्तविक पुढच्या वेळी कोणाला पैसा द्यावा हे ठरवण्यासाठी याहून उपयुक्त कागद नाही. जाहीर सभा, वाहने, मंडप, भोजन यांवर दाखवलेला खर्च आणि गावाने डोळ्यांनी पाहिलेला प्रचार यांचा मेळ बसतो का, हे स्थानिक माणसालाच नेमके कळते.

शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार राजकीय चळवळीस वर्गणी देण्यास मनाई आहे. शासकीय कंपन्या आणि स्थापनेला तीन वर्षे पूर्ण न झालेल्या कंपन्या यांनाही पक्षाला देणगी देता येत नाही.