फ्रेंच कॅनडियन नृत्यधुना
कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील फ्रेंचभाषिक समाजात नृत्याच्या साथीसाठी व्हायोलिनवर वाजविण्यात येणाऱ्या पारंपरिक धुना. १६०८ मध्ये क्वेबेकची स्थापना झाल्यानंतर फ्रेंच वसाहतकऱ्यांबरोबर त्यांच्या मायदेशातील नृत्ये येथे आली. १७६३ च्या पॅरिसच्या तहान्वये ही वसाहत ब्रिटिशांकडे गेली व पुढे स्कॉटिश आणि आयरिश स्थलांतरितांमुळे ‘रील’ हा जलद नृत्यप्रकार रुजला. एकोणिसाव्या शतकात क्वाड्रिल, लान्सर्स यांसारखी समूहनृत्येही प्रचारात आली. धर्मगुरूंचा नृत्यास विरोध असतानाही विवाहप्रसंगी आणि हिवाळ्यातील घरगुती मेळाव्यांत ही परंपरा टिकून राहिली.

वादक खुर्चीवर बसून वाजवीत असताना दोन्ही पायांच्या टाचा व चवडे जमिनीवर आपटून ताल धरतो. त्यामुळे अन्य साथीदाराविनाही नृत्यास लय मिळते. काही धुनांसाठी व्हायोलिनच्या खालच्या तारा नेहमीपेक्षा चढ्या स्वरांत लावतात. मोकळ्या तारांच्या सतत नादाने वाद्याचा आवाज भरीव होतो.

नृत्यधुनेचे सामान्यतः दोन भाग असून प्रत्येक भागातील मात्रांची संख्या ठराविक असते. क्वेबेकमधील अनेक धुनांत मात्र एखाददुसरी मात्रा अधिक वा उणी आढळते. अशा धुनांना ‘वाकड्या’ धुना म्हणतात. हा वादकाचा दोष नव्हे. धुना कानांनीच आत्मसात केल्या जात आणि जेथे पदन्यास धुनेच्या खंडांशी काटेकोरपणे जखडलेला नसे, तेथे अशा विषम रचनेने नृत्यात अडथळा येत नसे. स्वरलेखनाच्या किंवा पियानोच्या साथीच्या सोयीसाठी अधिकउणी मात्रा सारखी केल्यास धून सुबक होते. परंतु तिची स्थानिक ओळख लोपते.

ध्वनिमुद्रिकांमुळे जोझेफ आलार (१८७३–१९४७) व इझिडोर सूसी (१८९९–१९६३) यांचे वादन घरोघरी पोहोचले. आलार यांचे शिष्य झां कारिन्यां (१९१६–८८) यांनी आयरिश व स्कॉटिश वादकांच्या ध्वनिमुद्रिकांवरूनही शिक्षण घेतले आणि वादनतंत्रात असाधारण प्रभुत्व मिळविले. याउलट सॅगने भागातील लुई बूद्रो यांनी जुन्या वाकड्या धुना मूळ वळणानेच जपल्या. १९७० नंतरच्या सांस्कृतिक पुनरुज्जीवनात तरुण वादक अशा वृद्धांकडे वळले. १९७६ मध्ये ‘ला बोतीन सूरियांत’ हा वाद्यवृंद स्थापन झाला. रंगमंचावर या धुनांना नवे श्रोते लाभले असले, तरी त्यांचे मर्म नर्तकांच्या पावलांशी असलेल्या त्यांच्या नात्यातच शोधावे लागते.