दानाकडून स्वावलंबनाकडे : गिरगाव ते परळ

आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने आपल्या परंपरेने सांगितली आहेत. त्यांतील ज्ञानदानाचे वैशिष्ट्य असे की, ते घेणाऱ्यास पुन्हा हात पसरावा लागत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी गिरगाव-परळ परिसरातील पूर्वसूरींचे स्मरण करताना हीच कसोटी डोळ्यांसमोर ठेवणे उचित ठरेल.

दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१-१९१४) मूळचे सुरतेचे. लहान वयात मुंबईस येऊन मोत्यांच्या कामात ते कारागीर म्हणून शिरले आणि पुढे नामांकित जव्हेरी झाले. गिरगावातील हिराबाग धर्मशाळा ही त्यांच्या औदार्याची खूण होय. परंतु त्यांची खरी दूरदृष्टी विद्यार्थी वसतिगृहांत दिसते. परगावच्या गरीब मुलाचे शिक्षण केवळ फीपायी अडत नाही. शहरात राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोठे, या प्रश्नापाशी ते थांबते, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या कन्या मगनबाई यांना तरुणपणीच वैधव्य आले. आपले दुःख कवटाळून न बसता त्यांनी श्राविकाश्रम उभारला आणि निराधार भगिनींना अक्षरज्ञानाबरोबर हस्तकौशल्येही दिली. वडिलांनी धन दिले, कन्येने आयुष्य दिले.

या कार्याचा लाभ मुख्यतः समाजबांधवांपर्यंत पोहोचला. परळ-लालबागच्या चाळींत, दहा बाय बाराच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या गिरणी कामगारांचे काय? या प्रश्नाला भिडणाऱ्यांत ना. म. जोशी अग्रणी होते. नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे हे सदस्य. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. दिवसभर साच्यावर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा, वस्त्यांत फिरती वाचनालये, सहकारी पतपेढ्या असे तिचे काम चाले. सुशिक्षित स्वयंसेवक संध्याकाळी कामगार वस्तीत जाऊन शिकवीत. त्यांचे दान होते वेळेचे! परळ येथील लीगचा दामोदर हॉल पुढे कामगार रंगभूमीचे माहेरघर ठरला.

त्याच भारत सेवक समाजाचे एक सदस्य छगनलाल करमसी पारेख, म्हणजेच छगनबापा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात भगिनींनी पापड लाटण्यास आरंभ केला. भांडवल होते छगनबापांकडून उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी तयार झाली अवघी चार पाकिटे! व्यवसाय तोट्यात गेला तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही, असा त्यांचा निर्धार होता. हिशेब चोख ठेवावा आणि मालाच्या दर्जात तडजोड करू नये, हा छगनबापांचा उपदेश त्या ८० रुपयांहून मोलाचा ठरला. आज ‘लिज्जत’ परिवारात ४० हजारांहून अधिक भगिनी आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

गिरणगावात घरोघरी खानावळी चालवून कामगारांना जेवू घालणाऱ्या महिला सावकारी कर्जाने पिचल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाद्वारे त्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला केला. त्यांना भीक नको होती. पत हवी होती. १९८२ च्या संपानंतर अनेक कामगार कुटुंबांची चूल घरातील स्त्रीच्याच कष्टांवर पेटत राहिली, तेव्हा या पतीचे मोल अधिक उमगले.

या साऱ्या इतिहासाचा बोध एकच. वसतिगृह असो, रात्रशाळा असो वा ८० रुपयांची उसनवारी. ज्या साहाय्याने घेणारा स्वतःच्या पायावर उभा राहिला, तेच टिकले. आणि प्रत्येक ठिकाणी पैशाआधी कोणीतरी माणूस वस्तीत गेला होता.

वह्यावाटप आणि धान्यवाटप आवश्यक आहेच. परंतु वर्षातून एकदा केलेल्या वाटपाने आपले कर्तव्य संपते काय? आपल्यापैकी प्रत्येकाने आठवड्यातील दोन तास एखाद्या मुलाच्या अभ्यासासाठी अथवा एखाद्या भगिनीच्या हिशेबाच्या वहीसाठी दिले, तर पुढील पन्नास वर्षांच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी आणखी एक यादी असेल — ज्यांना साहाय्याची गरज उरली नाही, अशांची. ती पहिलीपेक्षा मोठी असावी, हीच सदिच्छा.