बर्फावरील लोखंडी नखे

नागपूरच्या उन्हात बसून बर्फाची कथा सांगावी, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु पक्क्या सडकेवर गाडी ओढणाऱ्या बैलास नालबंद पत्री मारतो, ते ज्याने पाहिले आहे त्यास आजचा विषय परका नाही. बैलाचा खूर दुभंगलेला; म्हणून पायास दोन याप्रमाणे एका बैलास आठ पत्र्या लागतात. पत्री कितीही उत्तम असो, खिळा वाकडा गेला की जनावर लंगडते. बर्फावरील लोखंडाचीही हीच कथा आहे.

गिर्यारोहक बुटाखाली जे अणकुचीदार काटे बांधतात, त्यांस क्रॅम्पॉन म्हणतात. १९०८ साली ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने त्यांची सुधारलेली रचना मांडली आणि इटलीतील कुर्मायर गावच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने ती घडविली. १९२९ मध्ये त्याचा पुत्र लॉरें याने पुढे रोखलेले दोन काटे त्यांस जोडले. त्यांचे महत्त्व १९३८ च्या जुलैत आयगर शिखराच्या उत्तर कड्यावर दिसून आले. हारर आणि कास्परेक एक दिवस आधी निघून बर्फात पायऱ्या खोदीत चढत होते. बारा काट्यांचे क्रॅम्पॉन ल्यालेल्या हेकमायर आणि फर्ग यांनी त्यांस दुसऱ्याच दिवशी गाठले.

स्कीवरून डोंगर चढणाऱ्याची अडचण निराळी. चढताना तो स्कीच्या तळास केसाळ पट्टी लावतो. मऊ हिमावर ती धरते. परंतु रात्री गोठून कठीण झालेल्या उतारावर आडवे जाताना स्कीची केवळ कड टेकते, पट्टी निरुपयोगी ठरते आणि माणूस खाली घसरतो. यास्तव पावलाखाली, स्कीच्या दोन्ही बाजूंस उतरणारे दातेरी पाते योजिले गेले.

टायरोलच्या फ्रिट्झ बार्थेल याने १९८४ च्या सुमारास बुटाच्या चवड्यास दोन खिळींनी धरणारे हलके बंधन सिद्ध केले. अशा बंधनाच्या पुढील खाचेत पाते बसते. पाऊल उचलले की ते उचलले जाते, टेकले की बर्फात रुतते. मात्र त्याची रुंदी स्कीच्या मध्यभागाहून किंचितच अधिक हवी. अरुंद पाते बसत नाही, अतिरुंद डुलते. टाचेखालील आधार उंच केला तर दाते कमी खोल जातात, हेही ध्यानी ठेवावे लागते.

१९४८ साली गुलमर्ग येथे आपल्या सैन्याची स्कीशाळा निघाली. तीच पुढे उंच पर्वतावरील युद्धाची शाळा झाली. नागपूरजवळ कामठीस ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. तेथे कवायत शिकलेल्या जवानासही कधी हिमाच्या सीमेवर उभे राहावे लागते. त्याचे बूट, बंधन आणि पाते एकमेकांस जुळतात की नाही, ही परीक्षा सपाट जमिनीवर, उबदार हातांनी, आधीच उरकलेली असावी. उतारावर गोठलेल्या बोटांस तो अवसर मिळत नाही.