धरणाखालचं गाव आणि वंशावळीतले दाखले

बारवी धरण म्हटलं की बदलापूरकरांना पावसातली भटकंती आठवते आणि उल्हासनगरकरांना नळाचं पाणी. मला मात्र आठवतं ते धरणाखाली गेलेलं आजीचं माहेर. एमआयडीसीनं बांधलेल्या या धरणाची उंची पुढे वाढवली गेली, आणि वाढीव उंचीनं ते २०१९ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा भरलं. तोंडली, काचकोली, मोहघर अशा मुरबाड तालुक्यातल्या गावांना जागा सोडावी लागली. घरं गेली, उरले ते कागद!

हे आठवायचं कारण म्हणजे वंशावळ. पणजोबांची ऑनलाइन दोन प्रोफाइल्स होती. एक मी बनवलेलं, दुसरं एका लांबच्या भावाचं. दोन्ही मर्ज केली. आता विकीट्रीसारख्या साइटवर मर्ज झालं की दोन्हीकडचा मजकूर एकाखाली एक येऊन बसतो, दाखल्यांसकट. आमच्याकडे जन्माला एकूण सात आधार झाले. सात म्हणजे पक्कंच की!

पण नीट बघितलं तर त्यातले चार एकाच शाळेच्या दाखल्याचे निघाले. एक फोटो, एक झेरॉक्स, एक भावानं टाइप केलेली प्रत, आणि एक त्यावरून बनवलेली दुसऱ्याच कोणाची तरी वंशावळ. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर रो चार, पण की एकच. साक्षीदार एकच, तो चारदा बोलला म्हणून चार होत नाहीत. बरं, त्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी कित्येकांना हीच तारीख देऊन टाकली आहे, त्यामुळे दोन माणसं एकच आहेत हे नुसत्या १ जूनवरून ठरवता येत नाही.

उलटा प्रकारही असतो. एकीकडे जन्मसाल १९३४, दुसरीकडे १९३५. भांडण वाटतं ना? दोघांचंही मूळ एकच : जुन्या चोपडीतली 'माघ शके १८५६' ही नोंद. एकानं सरळ ७८ मिळवले. पण शक बदलतो पाडव्याला, म्हणून माघासाठी ७९ मिळवायचे, म्हणजे १९३५. अशा वेळी मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी आणि इसवी सन शेजारी लिहावा. मूळ पुसलं, तर पुढच्या माणसाला हिशोब तपासता येणार नाही.

तिसरी गोष्ट, कुठला कागद काय सिद्ध करतो ते बघणं. सातबारा जमीन कोणाच्या नावावर होती ते सांगतो, जन्म नाही. वारस नोंदीचा फेरफार बाप-मुलाचं नातं सांगतो. म्हणून तो नात्याला जोडायचा, जन्माला नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गावाचं नाव. पणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत पुनर्वसनानंतरचा पत्ता आहे. भावाचं म्हणणं, सगळीकडे तोच टाकू, एकसारखं दिसेल. मी नको म्हटलं. फेरफार शोधायचा तर जुनं गाव आणि मुरबाड तालुका हेच लागतं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही बघायची तरी तिथेही आधी गाव विचारतात.

सातचे शेवटी तीन आधार उरले. भाऊ जरा हिरमुसला. पण ते तिन्ही वेगवेगळे आहेत, आणि प्रत्येकात पाण्याखालच्या गावाचं नाव जसं होतं तसं आहे. तिथे आता चालत जाता येत नाही. कागदावरून तरी जाता यायला हवं.