पांझरेचें पाणी व फडपद्धति

खानदेशच्या इतिहासासाठीं सनदा, महजर व वतनपत्रें यांची जेवढी वास्तपुस्त झाली, तेवढी येथील नद्यांची झाली नाहीं. पांझरेवरील बंधारे व त्यांखालील शेतांची मांडणी हें कोणत्याहि कागदाइतकेंच बोलकें साधन आहे, असें आमचें मत आहे.

ही नदी सह्याद्रींत पिंपळनेरच्या बाजूस उगम पावून पूर्वेस धुळ्याकडे जाते व पुढें उत्तरेस वळून मुडावद येथें तापीस मिळते. जळगांवकडील गिरणेचें वळणहि असेंच. तापी मोठी खरी. परंतु तिचें पात्र खोल व दरडी उंच, त्यामुळें नुसता पाट काढून तिचें पाणी शेतांत नेणें साधत नसे. फारुकी सुलतानांचें थाळनेर तापीकांठीं असलें, तरी जुनें पाटस्थळ बागाईत शोधावयाचें तें उपनद्यांच्या कांठींच.

दगडचुन्याच्या बंधाऱ्यानें पाणी तुंबवून एका अंगास पाट काढितात. जास्त झालेलें पाणी सांडव्यानें नदींत परत जातें व तेंच खालच्या बंधाऱ्यास मिळतें. भिजणाऱ्या एकूण जमिनीस थळ म्हणतात. थळाचे बहुधा तीन-चार फड, आणि प्रत्येक फडांत बहुतेक बागाईतदारांचा तुकडा. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, मग ऊस असो कीं गहूं. पुढील वर्षीं फेरपालट. पाणी तोकडें पडल्यास एक फड कोरडा राखितात, म्हणजे तूट एकट्यादुकट्यावर न पडतां सर्वांवर पडते. पाणी पाटकऱ्यानें द्यावयाचें, राखण जागल्यानें करावयाची. धन्यानें स्वतः बारें फोडावयाचें नाहीं, ही यांतील खरी खुबी!

हे बंधारे अमक्या सुलतानानें बांधिले असें सांगण्याची चाल आहे. नांव मिळाल्यास उत्तमच. परंतु १६०१ त असीरगड अकबराकडे गेला, १८१८ त इंग्रजी अंमल बसला, तरी पाटांतला गाळ उपसला जात होता तो कोणाकडून? बागाईतदारांनींच तें काम वांटून घेतलें होतें. आणि नदी तरी नेहमींच सौम्य कोठें होती? १८७२ च्या पुरानें धुळ्यांतील घरांची मोठी नासाडी केली.

पुढें विहिरी व विजेचे पंप आले, लाटीपाडा व अक्कलपाडा येथें धरणें झालीं, आणि पुष्कळ फड मोडले. १९२६ त राजवाड्यांनीं धुळ्यांतच देह ठेविला; त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच गांवीं आहे. पाण्याच्या पाळ्या, पाटकऱ्याचें धान्य, गाळाचा खर्च किंवा बाऱ्याचे तंटे यांसंबंधीं एखादें चिटोरें कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असल्यास त्याची नक्कल, गांव व बंधारा यांच्या नांवांसह, अवश्य प्रसिद्ध करावी.